बाबांचे श्वासयंत्र गाडीत घ्यावे का?

मे महिन्यात अनगोळहून आंबोली घाटाने मालवणला निघताना काही घरांत बाबांचे सीपॅप यंत्र मागेच राहते. चार दिवसांनी काय बिघडते, असे म्हणतात. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी जगापुढे मांडलेले हे यंत्र हवेच्या दाबाने झोपेत घसा उघडा ठेवते. ते नसले की श्वास पुन्हा पुन्हा अडकतो, झोप मोडते. आणि परतीला तेच बाबा घाटात गाडी चालवतात! तेव्हा यंत्र न्यावेच. निघताना टाकीतले पाणी मात्र ओतून टाकावे, नाहीतर वळणावर ते यंत्रात शिरते. रात्री वीज गेली तर यंत्राला चालणारी बॅटरी हवी. ती पुरवायची तर पाणी तापवणे बंद ठेवावे. जास्त वीज तेच खाते. उन्हात उभ्या गाडीत यंत्र ठेवू नये.