वाळूखालचा समुद्र

जैसलमेरभोवतीच्या निनावी कच्च्या रस्त्यांवर वाळूपेक्षा दगडच जास्त भेटतो, आणि तोच खरा पाहण्यासारखा आहे. इथले थर वायव्येकडे हलकेच कललेले आहेत. त्यामुळे त्या दिशेने जावं तसतसा पायाखालचा खडक तरुण होत जातो.

सुरुवात आकलपासून करावी. बाडमेर रस्त्यावर, शहरापासून साधारण १७ किलोमीटरवर, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेले आहेत. हा लाठी वालुकाश्म, नद्यांनी आणलेल्या गाळाचा. आजही इथल्या कूपनलिकांना पाणी देणारा मुख्य थर हाच.

पुढे समुद्र आत शिरला आणि पिवळा जैसलमेर चुनखडक साचला. त्याला सर्रास वालुकाश्म म्हटलं जातं. खात्री करायची तर सौम्य आम्लाचा थेंब टाकून पाहावा, चुनखडक फसफसतो. याच थरांतून मिळालेल्या हाडांवरून २०२३ मध्ये ‘थारोसॉरस’ या सुमारे १६.७ कोटी वर्षांपूर्वीच्या शाकाहारी डायनासोरची नोंद झाली. आणखी वायव्येला हाबूर गाव आहे. तिथला शंखशिंपल्यांनी गच्च भरलेला दगड त्याहूनही नंतरचा, क्रिटेशियस काळातला.

सह्याद्रीच्या लाव्हाच्या कातळावर वाढलेल्या डोळ्यांना हे जीवाश्म दिसायला थोडा वेळ लागतो. सकाळच्या तिरप्या उन्हात, गाडीतून उतरून, चालतच शोधावेत. आकल हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तिथला एक तुकडाही उचलू नये.