संशोधनासाठी विषय निवडताना: आधी प्रश्न, मग शीर्षक

नवे सत्र सुरू झाले की विहारातील अभ्यासिकेत बसणारी दोन-चार मुले-मुली वही घेऊन येतात. "सर, प्रोजेक्टला एखादा विषय सुचवा ना." वहीत आधीच काही शीर्षके लिहिलेली असतात. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सामाजिक विचार’, ‘बौद्ध धम्म आणि विज्ञान’, ‘आंबेडकरी चळवळीची वाटचाल’. यात चुकीचे काहीच नाही. अडचण एवढीच की ही ग्रंथालयातील कपाटांची नावे आहेत. एका विद्यार्थ्याने सात-आठ महिन्यांत यावर लिहायचे म्हटले की चार पुस्तकांतून उतारे उचलण्याशिवाय त्याच्या हाती काही उरत नाही. मग गुण मिळतात, प्रबंध कपाटात जातो आणि आपल्याला समाजाबद्दल एकही नवी गोष्ट कळत नाही.

नव्या चार वर्षांच्या पदवीमुळे हा प्रश्न आता पदव्युत्तर वर्गापुरता राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते आणि त्यात संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. म्हणजे वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला स्वतःचा विषय स्वतः ठरवायचा आहे.

इथे बाबासाहेबांकडे विद्यार्थी म्हणून पाहावे. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, पण त्यांनी विषय कसे निवडले याकडे फारसे पाहत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. वय २५. जात हा केवढा अफाट विषय! धर्मग्रंथ, वर्ण, अस्पृश्यता, व्यवसाय, सगळे त्यात येते. बाबासाहेबांनी त्यातून एक धागा धरला: जात टिकते ती कशामुळे? उत्तर आले, जातीतल्या जातीत विवाह. मग पुढचा प्रश्न: हे बंधन टिकवायचे तर पती गेलेल्या स्त्रीचे आणि पत्नी गेलेल्या पुरुषाचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तिन्ही प्रथांचा अर्थ त्यांनी याच प्रश्नातून लावला. एक प्रश्न नीट धरला म्हणून एवढे हाती लागले.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. त्याच काळात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर लिहीत होते. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला, १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा. चलन आणि सरकारी तिजोरी हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. आपल्या विद्यार्थ्यांना दोन प्रकारचे मार्गदर्शक भेटतात. एक म्हणतो, "तू तुमच्या समाजावरच कर, तुला सोपे जाईल." दुसरा म्हणतो, "स्वतःच्या समाजावर केलेस तर ते तटस्थ राहणार नाही." मला स्वतःला दोन वर्षांच्या अंतराने ही दोन्ही वाक्ये एकाच महाविद्यालयात ऐकायला मिळाली. दोन्हींना भीक घालू नका. तुम्हाला पाणीपुरवठ्याचे गणित आवडत असेल तर त्यावर करा, विहारावर करायचे असेल तर विहारावर करा. तटस्थपणा आडनावावर ठरत नाही, पुरावा कसा गोळा केला यावर ठरतो.

विषयाचा प्रश्न कसा करायचा, ते एका उदाहरणाने सांगतो. वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी ‘शिष्यवृत्ती योजना: एक अभ्यास’ असे शीर्षक घेऊन आली होती. तिला विचारले, तुला यातले नेमके काय खटकते? ती म्हणाली, "पैसे वेळेवर येत नाहीत. तोवर मेसवाला थांबत नाही." झाला की प्रश्न! ‘आमच्या वसतिगृहातील मुलींच्या खात्यात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात जमा झाली आणि तोपर्यंतचा खर्च त्यांनी कसा भागवला?’ यासाठी पंचवीस-तीस मुलींशी बोलायचे, पासबुकातील तारखा पाहायच्या, महाडीबीटीवर अर्ज कोणत्या टप्प्यावर किती दिवस थांबला ते नोंदवायचे. सगळे तिच्या आवाक्यातले.

तिची खात्री होती की दोष समाजकल्याण कार्यालयाचा. तारखा मांडल्यावर दिसले की बरेच अर्ज महाविद्यालयाच्याच पातळीवर पडून होते आणि काहींचे बँक खाते आधारशी जोडलेले नव्हते. तिला ते आवडले नाही. मला मात्र तिथेच वाटले की पोरगी संशोधन करते आहे. कार्यकर्त्यांना हा भाग जड जातो, कारण आपल्याला भाषणाची सवय. भाषणात उत्तर आधीच ठरलेले असते. ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आजच पाठ आहे, तो प्रकल्पासाठी घेऊ नका.

साहित्य कुठे मिळेल हे मात्र विषय पक्का करण्याआधी पाहून घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची, आणि अपील करावे लागले तर आणखी वेळ जातो. त्यामुळे असा अर्ज पहिल्याच महिन्यात टाकावा. काही साहित्य घरबसल्या मिळते. जनगणनेचेच घ्या. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ मध्ये बौद्धांची नोंद जेमतेम अडीच हजारांच्या आसपास होती, १९६१ मध्ये ती सुमारे २७.९ लाख झाली. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. पण तुमच्या जिल्ह्यात काय झाले? शेजारच्या दोन जिल्ह्यांत नोंदीचे प्रमाण वेगळे का? जुन्या जिल्हा जनगणना पुस्तिका उघडून दोन जिल्ह्यांची तुलना केली तरी एक चांगला प्रकल्प होतो.

लेण्यांवरही तेच. ‘महाराष्ट्रातील बौद्ध लेणी’ हा विषय एका आयुष्यात संपत नाही. पण नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील (ज्यांना लोक अजून पांडवलेणी म्हणतात, आणि हे नाव कसे रुजले हाही एक विषयच) शिलालेख सेनार यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले आहेत. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताने विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवल्याची नोंद आहे: दोन हजार दरमहा एक टक्का व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. जुन्नरच्या लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कांस्यकार यांच्या श्रेणी येतात. दान देणारे कोण होते, त्यांत स्त्रिया किती, भिक्षुणी किती? एका ठिकाणचे लेख घेऊन मोजणी करा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही हा विषय चालेल.

गावाकडच्या मुलांनी ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा. आपल्या विहाराची त्यात नोंद आहे का, जागा कोणाच्या नावावर आहे, बांधकामाला वर्गणी कोणी दिली, जुनी पावतीपुस्तके कोणाच्या घरी आहेत? पंचक्रोशीतील दहा विहारांची एवढीच माहिती नीट गोळा झाली तर जागेचा वाद उभा राहील तेव्हा तीच कामाला येईल. गायन पार्ट्यांच्या वह्या आणि कॅसेटचेही तसेच. त्या वाळवीने आणि भंगारवाल्याने संपत चालल्या आहेत.

ज्या कामाला सर्वांत कमी वेळ उरला आहे, ते आठवणींचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात किंवा १६ ऑक्टोबरला चांद्यात जो दहा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. घरात अशी आजी असेल तर विषय शोधत फिरू नका. पण "दीक्षेबद्दल सांगा" असे तिला विचारू नका, ती पाठ झालेले सांगेल. कोणाबरोबर निघालात, पांढरे लुगडे कुठून आणले, वाटेत काय खाल्ले, परत आल्यावर घरातले देव कोणी काढले आणि कुठे सोडले, हे विचारा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तिची परवानगी घ्या. नाव छापायचे की नाही ते तिला ठरवू द्या. एक प्रत महाविद्यालयात जाईल तशी एक विहाराच्या ग्रंथालयातही ठेवा, आणि आवाजाची फाईल फक्त मोबाईलवर ठेवू नका.