हैदराबादेत हुकलेला करंडक

रणजी करंडकाचे सामने सुरू झाले, की पोखर्णीच्या चहाच्या टपरीवर एक जुना खटला दरवर्षी नव्याने सुनावणीस येतो. वादी एक निवृत्त गणित-शिक्षक, प्रतिवादी परभणीच्या एका कचेरीतील कारकून, आणि पंच म्हणून शिकवणीला ये-जा करणारी चारदोन मुले. खटल्याचा विषय एकच. २०१४ सालच्या फेब्रुवारीत हैदराबादला महाराष्ट्राचा संघ रणजीचा अंतिम सामना हरला, तो नशिबाने की न्यायाने? मौज अशी, की यातली काही मुले त्या वेळी पाळण्यातून नुकतीच उतरली होती. तरीही त्या सामन्याचे आकडे त्यांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा करंडक जिंकला होता, हे मात्र त्यांना विचारावे, तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. प्रा. देवधरांच्या संघाने मिळवलेले यश पाठ्यपुस्तकात जाऊन बसले. हुकलेला करंडक मात्र चहाच्या पेल्याबरोबर रोज हातात येतो.

त्या मोसमाची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. सत्तावीस संघ, नऊ-नऊंचे तीन गट, आणि महाराष्ट्र त्यांतल्या खालच्या समजल्या जाणाऱ्या 'क' गटात, जम्मू-काश्मीर, गोवा, त्रिपुरा, आसाम यांच्या पंगतीला. 'अ' आणि 'ब' गटांतून प्रत्येकी तीन संघ बाद फेरीत जाणार, 'क'मधून फक्त दोन. पहिल्या पंगतीच्या मानकऱ्यांनी या गटाकडे कौतुकाने पाहावे असे काही नव्हते. पण यष्टिरक्षक-कर्णधार रोहित मोटवानी आणि प्रशिक्षक सुरेंद्र भावे यांच्या या संघाने गटात पहिला क्रमांक पटकावला. केदार जाधवने त्या मोसमात १,२२३ धावा केल्या, त्याही सहा शतकांसह. त्या वर्षी देशात कोणाच्याही इतक्या धावा झाल्या नाहीत. हर्षद खडीवालेनेही हजारी ओलांडली. गोलंदाजीचे ओझे समद फल्ला, अनुपम संकलेचा, श्रीकांत मुंढे यांच्या खांद्यावर होते. यांपैकी कोणाचेही चित्र तोवर आमच्याकडील मुलांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर नव्हते.

मराठवाड्यातील माणसाला या संघाविषयी जी ओढ वाटली, तिचे कारण निराळे आहे, आणि ते सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा संघ म्हणजे पुण्याचा संघ, ही आमच्याकडची जुनी समजूत. संघटनेचे कार्यालय पुण्यात, मैदान गहुंजेला. परभणी-हिंगोलीकडच्या माणसाने तो संघ आपला म्हणावा, तर कोणत्या नात्याने? एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ, आणि मराठवाडा त्यांतल्या मधल्याच्या पदराला बांधलेला. शिवाय १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, त्यामुळे देवधरांच्या पराक्रमात आमच्या आजोबांचा वाटा शून्य. त्या काळी आमचा संघ कोणता म्हणाल, तर नकाशाप्रमाणे हैदराबादचाच म्हणावा लागेल. २०१४च्या संघात मात्र पैठणचा अंकित बावणे होता आणि जालन्याचा विजय झोल होता. पैठण आणि जालना ही आमच्या सोयरिकीची गावे. कारकुनांचे एक वाक्य त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी झाले होते, की आता निदान धावफलकावर तरी आपल्याकडची आडनावे वाचायला मिळतात.

विजय झोलचे नाव आमच्याकडे त्याआधीपासून गाजत होते. २०११ साली एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. ब्रॅडमनच्या ४५२ला एक धाव कमी! स्पर्धा वेगळी, दर्जा वेगळा, हे मान्य. तरीही महाराष्ट्राच्या क्रिकेटला ही थोडक्यात हुकण्याची खोड कुठून लागली, असा प्रश्न पडतोच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३वर खेळत होते. ब्रॅडमनचा विक्रम नऊ धावांवर आला होता, आणि काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. एवढे करून निंबाळकरांना कसोटी सामना एकही खेळायला मिळाला नाही. १९७०-७१च्या अंतिम सामन्यात मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडीजला गेलेले होते. सुधीर नाईक यांच्या हाताखालचा उरलासुरला संघ समोर असतानाही महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. १९९२-९३ला लुधियानात पंजाबने १२० धावांनी हरवले. आणि हेमंत कानिटकरांचे चिरंजीव हृषीकेश यांनी रणजी करंडक दोनदा उंचावला, तो राजस्थानचे कर्णधार म्हणून! घरचे पीक शेजाऱ्याच्या खळ्यात मळले जाते, ते असे.

पुन्हा २०१४कडे येऊ. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती मुंबईशी, वानखेडेवर. मुंबई गतविजेती, करंडक तिने चाळीस वेळा जिंकलेला. मुंबईच्या ४०२ धावांना महाराष्ट्राने २८०ने उत्तर दिले, तेव्हा टपरीवरच्या बहुतेकांनी पेपर घडी करून ठेवले. मुंबईसमोर १२२ धावांची पिछाडी म्हणजे सामना संपल्यातच जमा. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९वर कोसळली. महाराष्ट्राला २५२ धावा हव्या होत्या. त्या दोनच गडी गमावून निघाल्या. केदार नाबाद १२० आणि विजय नाबाद ९१. आमच्या पिढीने मुंबईच्या संघाविषयी जे जे ऐकले आणि सोसले होते, ते लक्षात घेता हा विजय करंडकापेक्षा लहान नव्हता. शाळा-कचेऱ्यांत त्या दिवशी कामे कमी झाली असतील, तर झाली असतील. खेड्यात तेव्हा सामना पाहणे सोपे नव्हते. ज्याच्या मोबाइलमध्ये इंटरनेट चालेल तो राजा, आणि वीज गेली की तोही रंक. एक जण धावसंख्या वाचायचा, बाकीचे ऐकायचे. ऐकलेल्या सामन्याची गोडी काही और असते, हे रेडिओच्या जमान्यातल्या वाचकांस सांगायला नको.

इंदूरच्या उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४वर आटोपला आणि महाराष्ट्राने ४५५ केल्या. बंगालने नंतर ३४८ केल्या खऱ्या, पण त्यामुळे महाराष्ट्रापुढे आठ धावांचेच लक्ष्य उरले. दहा गडी राखून विजय. एकवीस वर्षांनी संघ अंतिम फेरीत पोहोचला होता.

अंतिम सामना हैदराबादला, २९ जानेवारीपासून. आमच्या पोखर्णीवरून जाणारा लोहमार्ग गंगाखेड, परळी, विकाराबाद करीत शेवटी हैदराबादलाच पोहोचतो. त्यामुळे सामना जणू आपल्याच फाट्यावर भरला आहे, असे पुष्कळांना वाटले. जाऊन पाहणारे किती होते हे विचारू नये. जाण्याचे बेत मात्र गावातल्या निम्म्या लोकांचे झाले होते. दोघांनी नृसिंहाच्या देवळात नारळ बोलल्याचे ऐकिवात आहे. देवाला क्रिकेटच्या भानगडीत ओढण्याचे काही कारण नव्हते, हे माझे मत तेव्हाही होते.

पहिल्या दिवसअखेर महाराष्ट्र ५ बाद २७२. चिराग खुरानाच्या ६४ झालेल्या, आणि अंकित बावणे ८९वर खेळत होता. त्या रात्री गावात चारशेची, कोणी साडेचारशेची भाषा करीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पाच गडी ३३ धावांत गेले. डाव ३०५वर संपला. माझ्या मते करंडक गेला तो तिथे. पुढचे तीन-साडेतीन दिवस तो गेल्याचे कळायला लागले, इतकेच. कर्नाटकाने ५१५ केल्या. के. एल. राहुल आणि गणेश सतीश यांनी शतके काढली. महाराष्ट्राने २१०ची पिछाडी भरून काढीत दुसऱ्या डावात ३६६ केल्या, त्यात केदारचे शतक. कर्नाटकाला १५७ हव्या होत्या. २ फेब्रुवारीला त्यांनी त्या तीन गड्यांच्या मोबदल्यात केल्या. सात गडी राखून कर्नाटक विजयी.

आता खटल्याकडे. गणिताच्या गुरुजींचा युक्तिवाद आकड्यांचा आहे, आणि तो पहिल्यांदा ऐकणारा क्षणभर गप्प होतो. महाराष्ट्राच्या दोन्ही डावांची बेरीज ६७१. कर्नाटकाची ६७२. पाच दिवसांत दोन संघांनी तेराशेवर धावा केल्या आणि फरक पडला एका धावेचा! याला पराभव म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा. कारकुनांचे उत्तर रोखठोक असते. शेवटी फलंदाजी करणारा संघ लक्ष्य गाठले की थांबतो, त्याला अधिक धावा काढायला कोणी मैदानात ठेवीत नाही. त्यांचे सात गडी शिल्लक होते, त्यांची बेरीज कोण करणार? या हिशेबाने बंगालही आमच्याकडून एकाच धावेने हरला, असे म्हणावे लागेल. मुले हसतात. गुरुजी चहा मागवतात.

प्रस्तुत लेखकाचा कौल, अर्थात, कारकुनांच्या बाजूने आहे. कर्नाटकाचा संघ त्या वर्षी सरस होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा जिंकला, याहून दुसरा पुरावा नको. थोडक्यात हुकले, या शब्दांत एक मोठी सोय दडलेली असते. त्या सोयीपायी पाच गडी ३३ धावांत का गेले, याची चौकशी राहून जाते. पुण्याच्याच फुटबॉल संघाचे उदाहरण घ्या. पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला. त्याच्या पाठीराख्यांनी त्या मोसमाच्या आठवणी जपल्या, आणि काही वर्षांतच संघच उरला नाही. उलट, दुसरे स्थान किंवा चौथे स्थान हेच खरे मोठेपण, असेही कधी असते. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारत उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून आणि कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून हरला. पण त्या चौथ्या क्रमांकाच्या जवळपासही आपण पुन्हा गेलो नाही. कोणती हुकलेली संधी आठवावी आणि कोणती विसरावी, याचा ठोकताळा मला तरी गवसलेला नाही.

महाराष्ट्राने त्यानंतरही करंडक जिंकलेला नाही. शेजारच्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीन वेळा जिंकला. तेव्हा मधल्या भावाने धाकट्याकडे पाहावे तसे आम्ही नागपूरकडे पाहिले. २०२२च्या विजय हजारे स्पर्धेत ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले आणि अंतिम सामन्यातही शतक केले. जिंकले सौराष्ट्र. अंकित बावणेच्या नावावर प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये हजारो धावा जमल्या, पण भारताची टोपी त्याच्या डोक्यावर आली नाही. केदारला मात्र त्याच वर्षी, म्हणजे २०१४च्या नोव्हेंबरात, रांचीत ती मिळाली. हैदराबादला आपण सगळेच हरलो नाही, असे गुरुजी त्यावर म्हणतात.

या वादात कधीच न बोलणारा एक जण आहे. त्या हिवाळ्यात तो नववीत होता. डावखुरा, वेगवान, आणि अंगापेक्षा मोठी रनअप असलेला. गावात टेनिस बॉल, आणि कापसाचे वा तुरीचे रान मोकळे झाले की तेच मैदान. सीझन बॉलची सवय व्हावी, म्हणून तो आठवड्यातून दोनदा सकाळच्या गाडीने परभणीला जायचा. वानखेडेवरच्या विजयाच्या दिवशी त्याने विजय झोलचे ९१ टपरीच्या फळीवर खडूने लिहिले होते. पुढे एका निवड चाचणीत त्याचे नाव शेवटच्या यादीपर्यंत गेले आणि तिथे थांबले. कोणामुळे थांबले, याची चर्चा गावाने खूप केली, त्याने स्वतः केली नाही. कापसाच्या हंगामात तो जिनिंगवर हिशेब लिहितो. परवा अंतिम सामन्याचा विषय निघाला, तेव्हा मी त्याला मुद्दाम विचारले, तुझे काय मत? तो म्हणाला, "सर, त्या सकाळी पाच विकेटी गेल्या तेव्हा चेंडू किती जुना होता, ते कोणी पाहिले का?" कोणी पाहिले नव्हते. अकरा-बारा वर्षांच्या त्या चर्चेत हा प्रश्न प्रथमच निघाला होता.

गुरुजींनी मग पिशवीतून आपली वही काढली. त्या मोसमातले सगळे धावफलक त्यांनी वर्तमानपत्रांतून शाईच्या पेनने उतरवून घेतलेले आहेत, प्रत्येक पानाखाली तांबड्या शाईत निकाल. अंतिम सामन्याच्या पानावर चारही डाव नीट लिहिलेले होते. निकालाची ओळ कोरी होती. चेंडू किती जुना होता, ते त्यांच्या वहीतही नव्हते. कारकुनांनी कोऱ्या ओळीवर बोट ठेवून त्यांच्याकडे पाहिले.

"तांबडी शाई संपली होती," गुरुजी म्हणाले आणि वही पिशवीत घालून सायकलकडे गेले.