दहा मिनिटं बोललात, टीव्हीवर फक्त ‘अभिमान वाटतो’! बाईट द्यायचा कसा?

जून 2025. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाची मॉडेल्स चामडी सँडल घालून चालली. फोटो बघून कोल्हापूरकरांनी चप्पल लगेच ओळखली, पण प्राडाने कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. सोशल मीडियावर गदारोळ झाला आणि चॅनेलवाले बूम घेऊन कारागिरांच्या दारात आले.

आता समजा, सुभाषनगरातल्या एका कारागिराला विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?" तो मनापासून दहा मिनिटं बोलला. चामडं महाग झालंय, मशीनचा माल कोल्हापुरी म्हणून खपतोय, पोरं धंद्यात यायला तयार नाहीत. शेवटी म्हणाला, "पण अभिमान वाटतो." संध्याकाळी टीव्हीवर एवढंच दिसलं. चामड्याचा भाव, नकली माल, सगळं गेलं.

यात दरवेळी बातमीदाराचीच चूक असते असं नाही. टीव्हीची बातमी साधारण दीड-दोन मिनिटांची. त्यात निवेदन, दृश्यं आणि तीन-चार माणसांचे बाईट बसवायचे. तुमच्या वाट्याला येतात दहा-पंधरा सेकंद, म्हणजे दोन वाक्यं. हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत 1968 च्या अध्यक्षीय निवडणुकीत टीव्ही बातमीतला उमेदवाराचा बाईट सरासरी 40 सेकंदांच्या वर होता, 1988 मध्ये तो 10 सेकंदांच्या आत आला. रील्सच्या जमान्यात तर विचारूच नका.

म्हणजे कात्री लागणारच. कुठलं वाक्य उरावं, हे थोडंफार तुमच्या हातात असतं.

पहिली गोष्ट, मुद्दा आधी सांगा. आपली सवय उलटी. आजोबांपासून सुरुवात करायची आणि मागणीवर यायचं. तोवर बातमीदाराला पुढच्या घरी जायचं असतं. दुसरी गोष्ट एडिटिंगची. प्रश्न बहुतेक वेळा कापला जातो. त्यामुळं "हो, ते बरोबर आहे" हे उत्तर निरुपयोगी, कारण ‘ते’ म्हणजे काय हे प्रेक्षकाला कळत नाही. त्यापेक्षा "चप्पल आमच्या डिझाइनची असेल, तर नावही आमचं लागलं पाहिजे" हे वाक्य कुठंही उचलून लावा, अर्थ तोच राहतो.

आकडा सांगायचा तर एकच. पंचगंगेचं बघा. क्युसेक आणि विसर्ग सगळ्यांना कळतोच असं नाही, पण राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा.

आणि मुद्दा सांगून झाला की थांबा. सगळ्यात अवघड हेच. बातमीदार बूम तसाच धरून गप्प राहतो, आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि आपण काहीतरी बोलून जातो. नेमकं तेच लागतं! "नाद खुळा" म्हणालात तर कापाकापीत दुसरं काही उरणारच नाही. चॅनेलला कोल्हापुरी ठसका हवाच असतो.

पण थोडक्यात बोलायच्या नादात चुकीचं बोलू नका. "कोल्हापुरी फक्त कोल्हापूरचीच" हे वाक्य शंभर टक्के लागेल, पण ते अर्धवट आहे. 2019 मध्ये मिळालेलं जीआय मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हक्काची लढाई असताना असं एक वाक्य समोरच्याच्या हातात आयतं कोलीत देतं. प्राडाने पुढं महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं आणि जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात आली. डिसेंबरमध्ये करार झाला, तोही महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी.

मुलाखत रेकॉर्डेड असेल आणि वाक्य अडखळलं, तर "परत घेऊया" म्हणायला लाजू नका. बातमीदारालाही स्वच्छ बाईट हवाच असतो. लाइव्ह असेल तर ती सोय नाही, म्हणून कॅमेरा सुरू व्हायच्या आधी "लाइव्ह आहे का?" हे विचारून घ्या. आणि शेजारी कुणी असेल तर त्याला आपल्या मोबाईलवर सगळं बोलणं रेकॉर्ड करायला सांगा. उद्या तुमचं अर्धंच वाक्य व्हायरल झालं, तर पूर्ण वाक्य टाकता येईल.