जाळ्यांचं जाळं: रस्ता कोण सांगतो?

मोबाईल घरातल्या वाय-फायला जोडला की तो नेटवर्कचा भाग झाला, इथपर्यंत आपल्याला ठाऊक असतं. पण हे घरचं नेटवर्क जगातल्या बाकी नेटवर्कांशी बोलतं कसं? आज आपण तेवढंच पाहू.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता घरापुरताच. शेजाऱ्यांकडेही अगदी तोच असू शकतो. माहिती बाहेर निघाली की राउटर त्या जागी सार्वजनिक पत्ता लावतो, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. माहितीही एकगठ्ठा जात नाही. तिची छोटी पॅकेटं होतात आणि प्रत्येकावर कुठून कुठे जायचं ते लिहिलेलं असतं.

आता बाहेरचे रस्ते. इंटरनेटचा सगळा नकाशा कुठल्याही एका कचेरीत ठेवलेला नाही. हजारो स्वतंत्र नेटवर्कं आपापल्या शेजाऱ्यांना सांगत असतात, "या पत्त्यांकडे जायचंय? माझ्याकडून जा." ही सांगासांगी ज्या नियमांनी चालते, त्यांना बीजीपी म्हणतात. एकाच पत्त्यासाठी दोन घोषणा आल्या, तर जी लहान गटाची, म्हणजे जास्त नेमकी, ती राउटर मानतो.

इथेच गोम आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी, यूट्यूब बंद करण्याच्या सरकारी आदेशानंतर, पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा रस्ता आपल्याकडे वळवला. ही घोषणा देशाबाहेर गेली आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने ती तशीच पुढे पाठवली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या गटाची होती. मग राउटरांनी काय करावं? नियमाप्रमाणे लहान गट मानला. सुमारे दोन तास जगात ठिकठिकाणी यूट्यूब दिसेना. यूट्यूबने आणखी लहान गटांच्या घोषणा केल्या, पीसीसीडब्ल्यूने ती चुकीची वाट काढून टाकली, तेव्हा गाडी रुळावर आली.

यात कुणी काही फोडलं नव्हतं. राउटरांनी फक्त शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. म्हणून आता आरपीकेआय ही व्यवस्था आहे. कोणत्या पत्त्यांची घोषणा कोणतं नेटवर्क करू शकतं, याची डिजिटल सही असलेली नोंद तिच्यात असते. पण नोंद असून भागत नाही. समोरच्या नेटवर्कने ती तपासायला हवी. दोन्ही बाजूंनी हे काम केलं, तरच रस्ता सुरक्षित राहतो.