फुप्फुस कशाच्या बळावर फुललेलं राहतं?

आपलं फुप्फुस क्षणोक्षणी आकसायला बघत असतं. त्यातले लवचिक तंतू त्याला आत ओढतात, बरगड्यांचा पिंजरा बाहेर ताणतो. दोघांच्या मधे फुप्फुसावरणाचे दोन तलम पदर, त्यांच्यात काही मिलिलिटर द्रव. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम 5 सेंटिमीटर पाण्याइतका कमी असतो. एवढ्याशा फरकावर फुप्फुस जन्मभर फुललेलं राहतं!

या फटीत हवा शिरली की फुप्फुस आकसतं. हाच न्यूमोथोरॅक्स. कधी उंच, सडपातळ, एरवी ठणठणीत तरुणाच्या फुप्फुसाच्या टोकावरचा बारीक फुगा फुटतो. धूम्रपानाने हा धोका बराच वाढतो. कधी टीबी किंवा सीओपीडी या जुनाट श्वसनविकाराने पोखरलेलं फुप्फुस फाटतं. कधी अपघातात मोडलेली बरगडी आत घुसते. सगळ्यांत घातक प्रकारात हवा आत जाते, पण बाहेर पडत नाही. दाब चढत जातो, हृदय बाजूला रेटलं जातं, त्याच्याकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी डॉक्टर एक्स-रेची वाट न पाहता छातीत सुई घालून हवेला वाट करून देतात. म्हणूनच छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन धाप लागली, तर तडक हॉस्पिटल गाठावं.

निदानाची सुरुवात आजही कानांनी होते. छातीवर बोटांनी ठोकून पाहायची रीत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांनी 1761 मध्ये मांडली. लाएनेक यांचा स्टेथोस्कोप 1816 चा. हवा भरलेली बाजू ठोकल्यावर पोकळ वाजते आणि तिथे श्वासाचा आवाज क्षीण होतो. एक्स-रेवर फुप्फुसाची कड एका बारीक पांढऱ्या रेषेसारखी दिसते, तिच्यापलीकडे नुसता काळोख. सोनोग्राफीत तर श्वासागणिक एकमेकांवर घसरणारे दोन पदर दिसतात. मधे हवा आली की ती घसरण दिसेनाशी होते.

उपचारातलं सर्वांत मोठं नवल म्हणजे शरीर ही हवा स्वतःच शोषून घेतं. शिरांमधल्या रक्तातल्या वायूंचा एकूण दाब फटीतल्या हवेपेक्षा कमी असल्याने ती हळूहळू रक्तात उतरते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 316 रुग्णांवरचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हवा काढणारी नळी छातीत न घालता नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी बहुतेकांना पुढेही नळी लागली नाही. मात्र वाट पाहायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. गरज पडली तर बरगड्यांमधून नळी घालून तिचं दुसरं टोक पाण्यात बुडवतात. हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, पाणी तिला परतू देत नाही. जर्मनीच्या ब्युलाउ यांनी 1875 मध्ये वापरलेली ही साधी युक्ती अजून जीव वाचवते आहे.

त्रास पुन्हा पुन्हा झाला, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत टाल्कसारख्या पदार्थाने दोन्ही पदर एकमेकांना चिकटवतात. फट उरत नाही, तरी माणूस व्यवस्थित श्वास घेतो! निसर्गाने हत्तीत हेच केलं आहे. त्याच्या दोन पदरांमधली जागा संयोजी ऊतींनी भरलेली असते. शरीर पाण्याखाली आणि सोंड पाण्यावर ठेवून पोहताना छातीवर येणारा दाब सोसता यावा म्हणून ही रचना घडली असावी, असं श्वसनशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी सुचवलं आहे.