गिरगावची प्रार्थना परळला गेली तेव्हा

दिल्लीतल्या आर. के. पुरमला ज्यांचं नाव दिलं आहे, ते रामकृष्ण परमहंस. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वातंत्र्यानंतर वसवलेल्या या वसाहतीत, सेक्टर ७ मधल्या टेकडीवर तमिळांचा मलई मंदिरातला मुरुगन आहे, सेक्टर ५ मध्ये दिल्ली तमिळ संगम आहे, आणि सरकारी क्वार्टर्समधून आसामपासून केरळपर्यंतची घरं एकाच जिन्यावर नांदून गेली आहेत. दक्षिणेश्वरचे पुजारी असलेल्या रामकृष्णांची ओळख कलकत्त्याच्या इंग्रजी शिकलेल्या मंडळींना झाली, ती मुख्यतः केशवचंद्र सेन यांच्यामुळे. ब्राह्मो समाजाचे हे नेते १८७५ मध्ये परमहंसांना भेटले आणि त्यांच्याविषयी वृत्तपत्रांतून लिहू लागले. त्याआधी, १८६४ मध्ये, हेच केशवचंद्र मुंबईत व्याख्यानं देऊन गेले होते. त्यानंतर तीन वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन केला.

म्हणजे दिल्लीतल्या या वसाहतीचं नाव आणि महाराष्ट्रातला उदार धर्माचा प्रवाह, या दोहोंच्या मुळाशी काही अंशी एकच माणूस आहे: केशवचंद्र. त्या प्रवाहात एक मराठी माणूस असा होऊन गेला की ज्यानं उदार धर्म म्हणजे नेमकं काय, हे आपलं बिऱ्हाड हलवून दाखवलं. त्यांचं नाव विठ्ठल रामजी शिंदे.

प्रार्थनासमाजाचं तत्त्व थोडक्यात सांगता येतं. ईश्वर एक, तो निराकार, त्याची उपासना प्रेमानं आणि सदाचारानं करायची. कोणताही ग्रंथ अचूक नाही, कोणी अवतार नाही, मूर्तीची गरज नाही. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्वान त्यात आल्यावर या तत्त्वाला बौद्धिक बळ मिळालं. उपासनेत तुकोबांचे अभंग आले, आणि म्हणून हा धर्म बंगालातून आणलेला वाटला नाही. समाजानं कामही कमी केलं नाही. १८७३ पासून 'सुबोध पत्रिका' चालवली, कामगारांसाठी रात्रशाळा काढल्या, पंढरपुरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम उभारला.

तरीही बहिष्काराची भीती या मंडळींच्या मनातून जात नव्हती. तिचा उगम परमहंस सभेत आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेली ही गुप्त मंडळी जातिभेद मोडण्यासाठी एकत्र जेवत, ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खात. १८६० मध्ये सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा विखुरली. पुढे प्रार्थनासमाज उघडपणे काम करू लागला, पण जातीशी थेट झुंज घेण्याचं त्यानं टाळलं. एकेश्वराची प्रार्थना गिरगावच्या मंदिरात करावी आणि घरी लग्न-मुंजी जुन्या रीतीनं व्हाव्यात, हे अनेकांच्या बाबतीत घडलं. मला या माणसांना ढोंगी म्हणवत नाही. ते एकत्र कुटुंबांत राहत होते. बहिष्काराची झळ त्यांच्याआधी त्यांच्या बायकांना आणि मुलींच्या सोयरिकींना लागली असती. पण श्रद्धेला कोणाच्या तरी उंबरठ्यापाशी थांबावं लागलं, हे खरं आहे.

शिंद्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, जमखंडी संस्थानातला. घर मराठा, वडील रामजी वारकरी. पुण्याच्या फर्ग्युसनमधून १८९८ मध्ये ते बी. ए. झाले, वकिलीचा अभ्यास सुरू केला आणि सोडला, आणि त्याच वर्षी प्रार्थनासमाजात आले. इथे इंग्लंडच्या युनिटेरियन मंडळींचा संबंध येतो. येशूला देव न मानणारा, ईश्वराचं एकत्व मानणारा आणि विवेकाला धर्मात पूर्ण मुभा देणारा हा ख्रिस्ती पंथ भारताला नवा नव्हता. राममोहन रॉय यांनी १८२१ मध्ये विल्यम अॅडम यांच्यासह कलकत्त्यात युनिटेरियन समिती काढली होती. राममोहन १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले. तिथे त्यांच्या स्वागताला होते युनिटेरियन धर्मोपदेशक लँट कार्पेंटर. त्यांची मुलगी मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये भारतात येऊन स्त्रीशिक्षणासाठी फिरली. आणि लँट यांचे नातू जोसेफ एस्टलिन कार्पेंटर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचे अध्यापक होते. ऱ्हीस डेव्हिड्स यांच्यासह पाली दीघनिकायाचं संपादन करणारे हे गृहस्थ शिंद्यांचे गुरू झाले. तीन पिढ्यांचा हा धागा मला फार मोलाचा वाटतो. शिंदे ऑक्सफर्डला गेले ते अनोळखी लोकांत गेले नव्हते.

ब्रिटिश अँड फॉरेन युनिटेरियन असोसिएशनची शिष्यवृत्ती, प्रवासाला सयाजीराव गायकवाडांची मदत, आणि १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं. मँचेस्टर कॉलेज मुळात मँचेस्टरला १७८६ मध्ये निघालं होतं. त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे चर्च ऑफ इंग्लंडच्या मतांना मान्यता न देणाऱ्यांना बंद होते, म्हणून अशा बहिष्कृतांनी आपली विद्यालयं वेगळी काढली. ऑक्सफर्डमधली ही अट १८७१ मध्ये उठली आणि कॉलेज १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आलं. तिथे विद्यार्थ्यानं कोणत्या मताची शपथ घ्यावी, असा आग्रह नव्हता.

पण माझ्या मते शिंद्यांवर सर्वांत खोल ठसा उमटला तो वर्गाबाहेर. बॉस्टनच्या जोसेफ टकरमन यांनी १८२६ पासून गरीब वस्त्यांत जाऊन धर्मकार्य सुरू केलं होतं, आणि १८३० च्या दशकात त्यांच्या धर्तीवर इंग्लंडमधल्या युनिटेरियनांनी लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टरच्या गलिच्छ वस्त्यांत मिशनं उभारली. तिथला उपदेशक वस्तीतच राहत असे, शाळा चालवी, आजारी माणसांकडे जाई. कोणाला आपल्या पंथात ओढण्याची अट नसे. हे काम शिंद्यांनी डोळ्यांनी पाहिलं. इंग्लंडहून 'सुबोध पत्रिके'ला ते पत्रं पाठवत होते. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. त्याच वर्षी ते परतले आणि मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले.

नगरजवळच्या भिंगारला १९०५ मध्ये अस्पृश्य बांधवांच्या एका रात्रीच्या सभेला ते गेले. त्या सभेत त्यांच्या मनाचा निर्णय झाला. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, परळला 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'ची पहिली शाळा उघडली. मराठीत तिचं नाव 'भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी'. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष, शेठ दामोदरदास सुखडवाला उपाध्यक्ष, शिंदे चिटणीस. सुखडवालांनी सुरुवातीला हजार रुपये दिले. मिशन ही स्वतंत्र संस्था होती; प्रार्थनासमाजाची शाखा म्हणून ती काढली गेली नाही. पण तिची प्रेरणा समाजाच्या उपासनेतली होती, यात शंका नाही.

शाळेला जागा मिळाली गिरणगावात. मुलं गिरणी कामगारांची, झाडूवाल्यांची, चांभारांची. सासर सुटलेली बहीण जनाक्का या कामात आली. पत्नी रुक्मिणीबाईही आल्या. सय्यद अब्दुल कादर यांच्यासारखा मुसलमान सहकारी सोबत होता. शाळेबरोबर वसतिगृह, शिवणवर्ग, आजाऱ्यांची सेवा, भजन आणि उपासनाही चाले. शिंद्यांची गोष्ट सांगताना लोक संस्थांच्या शाखा मोजतात, आणि शाखा खरोखरच झपाट्यानं निघाल्या. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांच्या घरच्या बायका अस्पृश्य मुलींच्या केसांत तेल घालत होत्या, त्यांच्या ताटाशेजारी आपलं ताट मांडत होत्या. परमहंस सभेत जे बंद दाराआड झालं, ते इथे रोज, उघड्यावर, मुलांच्या देखत होत होतं. उदार धर्माची मतं कोणालाही मान्य करता येतात. रात्री निजायला आपण कुठे जातो, या प्रश्नाचं उत्तर मात्र मत देत नाही.

आर. के. पुरमसारख्या वसाहतीत हे मला रोज जाणवतं. सरकारी क्वार्टर वेतनश्रेणीप्रमाणे मिळतं, जातीप्रमाणे नाही. त्यामुळे गावात ज्यांची पंगत कधी एक झाली नसती, ती माणसं इथे एकाच गच्चीवर पापड वाळवतात. प्रजासत्ताकानं केलेलं हे मोठं काम आहे. आणि तरी गटारात उतरणारा माणूस बहुतेक वेळा ठरावीक जातींतलाच असतो, २०१३ चा हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा असूनही. शेजार आपोआप समाज होत नाही. त्यासाठी कोणाला तरी उंबरठा ओलांडावा लागतो.

१९१० मध्ये शिंद्यांनी मतभेदांमुळे प्रार्थनासमाजाचं प्रचारकपद सोडलं. पुढे त्यांनी पुण्यात काम वाढवलं. तिथली संस्था अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं अहिल्याश्रम म्हणून ओळखली जाऊ लागली. १९१२ मध्ये पुण्यात मिशननं अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरवली, अध्यक्षस्थानी डॉ. भांडारकर. १९१७ मध्ये कलकत्त्याला ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसनं अस्पृश्यतेविरुद्ध पहिला ठराव केला. त्यामागे शिंद्यांची अनेक वर्षांची खटपट होती. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीरावांच्या अध्यक्षतेखालील परिषदेत लोकमान्य टिळकांनी अस्पृश्यता मानणाऱ्या देवालाही आपण मानणार नाही, अशा अर्थाचं भाषण केलं. स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, या जाहीरनाम्यावर मात्र त्यांनी सही केली नाही. बोलणं आणि सही यांतलं अंतर शिंद्यांनी आयुष्यभर पाहिलं.

नंतर न्यायाचा प्रश्न त्यांच्याकडेच वळला. मतदानाच्या सुधारणा येत असताना अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडावेत, यावर मिशनची भूमिका अशी होती की कायदेमंडळातल्या निवडून आलेल्या सभासदांनी ते निवडावेत. १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृत परिषदेत डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भूमिकेचा स्पष्ट निषेध केला. ज्यांचं दुःख, त्यांचाच प्रतिनिधी आणि तो त्यांनीच निवडलेला, हा त्यांचा आग्रह होता. मला या वादात आंबेडकरांची बाजू बरोबर वाटते. शिंद्यांची निष्ठा शंभर टक्के खरी होती. पण दुसऱ्याच्या वतीनं बोलण्याचा हक्क निष्ठेनं मिळत नाही. त्याच वर्षी शिंद्यांनी मराठ्यांसाठीच्या राखीव जागेवर उभं राहायला नकार दिला, बहुजन पक्षाचा जाहीरनामा काढून सर्वसाधारण जागेवरून निवडणूक लढवली आणि ते हरले. मराठा मंडळींना ते आपले वाटले नाहीत, ब्राह्मण सुधारकांना ते फार पुढे गेलेले वाटले, अस्पृश्य पुढाऱ्यांना ते पालकासारखे वाटले. अशा माणसाच्या वाट्याला येणारं एकटेपण किती असेल!

१९२३ मध्ये त्यांनी मिशनची सूत्रं सोडली आणि संस्थेचा कारभार अस्पृश्यवर्गीय कार्यकर्त्यांच्या हाती दिला. ज्या संस्थेवर आपलं घरदार ओतलं, तिचा चिटणीस आपण असू नये, हे पटवून घ्यायला परळ आणि पुण्यातली सतरा वर्षं लागली. पुढच्या वर्षी ते मंगळूरच्या ब्राह्मो समाजाचे आचार्य म्हणून गेले, तिथून वायकोमच्या सत्याग्रहालाही जाऊन आले. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात येरवड्याचा तुरुंग भोगला. १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' प्रसिद्ध झालं. पुण्यात त्यांचं कौटुंबिक उपासना मंडळ चालू राहिलं. त्यात वेगवेगळ्या जातींची कुटुंबं बायकामुलांसह एकमेकांच्या घरी जमून प्रार्थना करत. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.